न चाललेली वारी: महामारीतील संगत आणि आस

३० जून २०२०, आषाढ शुद्ध दशमी. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला निघाल्या. देहूहून तुकाराम महाराजांच्या पादुका निघाल्या. त्र्यंबकेश्वर, पैठण, सासवड, मुक्ताईनगर येथूनही अशाच बस आल्या. बसमध्ये मोजकी माणसे होती. एरवी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पायी तोडायला अडीच-तीन आठवडे लागतात. त्या वर्षी ते काही तासांत संपले. दुसऱ्या दिवशी एकादशीला पंढरपुरात संचारबंदी होती. चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते. मंदिर १७ मार्चपासून भाविकांसाठी बंदच होते.

वारकरी संप्रदायाचे अभ्यासक आजवर वारीचे वर्णन लाखोंच्या समूहावरून करत आले. महामारीने हा समूहच काढून घेतला, एकदा नव्हे, २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे. प्रयोगशाळेत एखादा घटक काढून उरलेल्यांचे कार्य तपासतात, तशी ही स्थिती होती. फरक एवढाच की हा प्रयोग कोणी मागितला नव्हता आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली. प्रश्न असा: सामूहिक साधनेतून समूहाची प्रत्यक्ष उपस्थिती वजा केली, तर संगत उरते का? उरत असेल, तर ती कशाच्या आधारे उरते, आणि कोणासाठी उरत नाही?

गर्दी, मेळा आणि संगत

आधी संज्ञा स्पष्ट करायला हव्यात, कारण या विषयातला बराचसा गोंधळ शब्दांच्या सैल वापरातून आला आहे. गर्दी म्हणजे एका जागी जमलेली, एकमेकांना अनोळखी माणसे. मेळा म्हणजे एकाच हेतूने जमलेली माणसे. संगत या दोहोंहून वेगळी असते. संगतीत माणसाची जागा ठरलेली असते आणि तो नसेल तर त्याची विचारणा होते. गर्दीतला एक माणूस कमी झाला तर गर्दीला ते कळत नाही. दिंडीतला एक टाळकरी मुक्कामावर पोहोचला नाही, तर जेवणाच्या पंगतीत ते लगेच कळते.

बाहेरून पाहणाऱ्याला पालखी सोहळा गर्दीसारखा दिसतो. आतून तो घरांच्या उतरंडीसारखा रचलेला आहे. गावचे भजनी मंडळ, मंडळांची मिळून दिंडी, दिंड्यांच्या वर फड, आणि या साऱ्यांचा मिळून सोहळा. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्याला ही शिस्त लावली साताऱ्याकडच्या आरफळ गावच्या हैबतबाबांनी. शिंद्यांच्या दरबारी सरदारकी केलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला जवळजवळ लष्करी घडी दिली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. रथामागच्या दिंड्यांचाही क्रम ठरलेला. दिंडीत वीणेकरी एक, पखवाजवादक, टाळकऱ्यांच्या रांगा, तुळशी-वृंदावन आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया. दिंडीची वर्गणी, तिचा ट्रक, पाण्याचा टँकर, राहुट्या, स्वयंपाकाची भांडी. आणि या सगळ्याच्या मुळाशी दिंडीप्रमुखाच्या वहीतली नावांची यादी.

या रचनेतील एक प्रथा मला विशेष महत्त्वाची वाटते. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो माणसे क्षणात शांत होतात. ज्या दिंडीला काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकतो आणि तिचा निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, मग आरती होते. ज्या समूहात शांततेच्या क्षणी एकट्या दिंडीची तक्रार ऐकण्याची सोय आहे, त्याला गर्दी म्हणता येणार नाही.

समाजशास्त्राने अशा समूहांची मीमांसा दोन दिशांनी केली आहे. एमिल द्युरकेम यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात धार्मिक जीवनाचे मूळ एकत्र जमण्यातून उसळणाऱ्या सामूहिक उत्साहात शोधले. माणसे एका जागी, एका वेळी, एका लयीत हालू लागली की त्यांना आपल्याहून मोठ्या शक्तीची जाणीव होते. व्हिक्टर टर्नर यांनी यात्रांचा विचार करताना पंढरपूरचेच उदाहरण घेतले. त्यांच्यापुढे इरावती कर्वे आणि देल्युरी यांचे वारीविषयीचे लेखन होते. यात्रेच्या वाटेवर माणसाची रोजची पदे, जात, मान तात्पुरते गळून पडतात आणि एक मोकळे सहजीवन अनुभवाला येते, असे टर्नर यांच्या विचाराचे सूत्र होते. अशा सहजीवनालाही नियमांची चौकट लागते, हे त्यांनी मान्य केले होते. तरी त्यांचा भर त्या मोकळेपणावरच राहिला.

दोन्ही सिद्धांतांत एक गोष्ट गृहीत आहे: माणसे एकत्र आहेत, वाट चालू आहे. २०२० मध्ये तेच नव्हते. उत्साह हेच संगतीचे मूळ असते, तर त्या वर्षी संगत विरून जायला हवी होती. ती विरली नाही. टिकले ते सिद्धांतकारांना कमी आकर्षक वाटलेले अंग: यादी, क्रम, पाळी, नेम.

आशा आणि आस

महामारीत लोकांनी आशा सोडली नाही, असे वर्तमानपत्रांत वारंवार लिहिले गेले. वारकऱ्याच्या बोलीत मात्र आशा हा शब्द सरळ नाही. संतवाङ्मयात आशा बहुधा तृष्णेच्या जोडीने येते आणि ती सोडायची असते. आशा म्हणजे फळाची अपेक्षा: हे मिळेल, असे होईल, रोग जाईल. ती पुरी झाली नाही की माणूस मोडतो. त्याच वाङ्मयात आस या शब्दाला वेगळा मान आहे. आस भेटीची असते. आस लागलेला माणूस निकालाची गणिते मांडत नाही. त्याचे लक्ष एका व्यक्तीकडे लागलेले असते.

हा भेद शब्दच्छलाचा नाही. मार्च २०२० मध्ये एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा लोकांनी आशा धरली की एकवीस दिवसांनी सारे सुरळीत होईल. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. दर वाढीबरोबर आशेचे चलन घसरत गेले. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू झाली, तेव्हा 'सगळे ठीक होईल' हे वाक्य उच्चारायलाही माणसे कचरू लागली. निकालावर बांधलेली आशा निकाल लांबला की कोसळते.

आसेला आधार असतो तिथीचा. वारी या शब्दातच फिरून येणे आहे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या पंचांगात बसलेल्या आहेत. वारी होवो वा न होवो, आषाढ शुद्ध एकादशी येणारच होती आणि ती आली. माळकऱ्याचा रोजचा नेम हरिपाठाचा, पंधरवड्याचा नेम एकादशीचा, वर्षाचा नेम वारीचा. टाळेबंदीत कोणता वार आहे हेही विसरायला होत होते; दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. अशा वेळी ज्यांच्यापाशी नेम होता त्यांचे दिवस सुटे राहिले. दशमीला काय, एकादशीला काय, द्वादशीला उपवास कधी सोडायचा, हे ठरलेले होते. उद्या काय होईल हे माहीत नसतानाही उद्या काय करायचे हे त्यांना माहीत होते. मला वाटते, संकटकाळात धार्मिक जीवन माणसाला जो आधार देते त्याचे हे सर्वांत नेमके वर्णन आहे.

मराठीत 'वाट पाहणे' या शब्दांत प्रतीक्षा आणि रस्ता एकच झाले आहेत. पंढरपूरच्या कथेत आधी वाट पाहतो तो देव. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत आहे, दारात देव आला आहे, आणि पुंडलिक त्याला वीट देऊन थांबायला सांगतो. संप्रदायाची उभारणीच अशी की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा आधी, दर्शन नंतर. घरात आजारी माणूस असताना घरीच थांबणे ही माघार मानण्याची गरज वारकऱ्याला नव्हती. मूळ कथेतच त्याची सोय होती. सावता माळी यांचेही तसेच. त्यांनी अरणचा मळा सोडला नाही; मळ्यातच देव पाहिला. बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावतोबांच्या भेटीला पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. परंपरेत आधीपासून पडून असलेली ही साधने २०२० मध्ये कीर्तनकारांनी पुन्हा हाती घेतली. नवी श्रद्धा शोधावी लागली नाही.

श्वासाचा प्रश्न

याचा अर्थ वारी थांबवण्याचा निर्णय सोपा होता असा नाही. तो का आवश्यक होता हेही नीट पाहिले पाहिजे, नाहीतर सारे विवेचन भावनेत बुडेल.

कोविडचा विषाणू श्वासातून पसरतो. माणूस मोठ्याने गातो तेव्हा शांत बोलण्याच्या मानाने कितीतरी अधिक सूक्ष्म थेंब हवेत सोडतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसे. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. हे उदाहरण वारकऱ्याला अंगावर काटा आणणारे आहे, कारण त्याची साधनाच गाण्याची आहे. टाळकरी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, समोरासमोर पावली खेळतात, रात्री एका राहुटीत दाटीवाटीने झोपतात. एकमेकांच्या पाया पडणे आणि उराउरी भेटणे हा तर आचारच. शेवटचा काला म्हणजे एकमेकांच्या तोंडात घास भरवणे. संगतीची खूण असलेली प्रत्येक कृती संसर्गाचा मार्ग झाली होती. त्यात वारकऱ्यांमध्ये साठीच्या पुढची माणसे मोठ्या संख्येने असतात आणि या रोगाचा धोका त्यांनाच अधिक होता.

दुसरी बाजू यजमानांची. वारी वाटेवरच्या गावांच्या अन्नपाण्यावर चालते. भाकरी, पिठले, चहा, शाळेच्या ओसरीवर निजायला जागा हे सारे गावकरी देतात. एप्रिल २०२० मध्ये याच गावांनी वेशीवर काटे-बांबू लावून रस्ते अडवले होते. अशा गावात आजार घेऊन जाणे म्हणजे अन्नदात्याला अपाय करणे. भूतदयेला आचारधर्माच्या मध्यभागी ठेवणाऱ्या संप्रदायासाठी हा युक्तिवाद आरोग्य खात्याच्या परिपत्रकाहून वजनदार होता.

यात्रा आणि साथ यांचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखी यात्रा म्हणजे पटकीचे उगमस्थान. २०२० मध्ये निर्बंध लागले ते १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी केलेला तोच कायदा. त्या वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झालेली सक्ती आणि तिच्याविरुद्ध उसळलेला संताप महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. २०२० ची प्रक्रिया वेगळी होती. मे महिन्याच्या अखेरीस पालखी संस्थानांशी बोलून शासनाने निर्णय घेतला. पायी वारी नाही. पादुका हेलिकॉप्टरने, विमानाने किंवा बसने न्यायच्या, साधन परिस्थिती पाहून ठरवायचे. परंपरेच्या वाहकांनीच परंपरेचा कोणता धागा राखायचा हे ठरवण्यात भाग घेतला, म्हणून निर्णय पचला. सक्तीने लादलेले अंतर आणि मान्य केलेले अंतर बाहेरून सारखेच दिसते. आत त्यांचे परिणाम उलट असतात.

सतरा दिवस आजोळी

कोणता धागा राखला? १२ जूनला देहूत आणि १३ जूनला आळंदीत प्रस्थान झाले, तिथी चुकू दिली नाही. एरवी प्रस्थानाच्या रात्री माउलींची, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांची, पालखी आळंदीतच आजोळघरी मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघते. त्या वर्षी पादुका आजोळघरीच राहिल्या, दशमीपर्यंत, सतरा दिवस. वाटेवरचा नित्यक्रम तेथे मोजक्या माणसांनी चालवला.

कर्मकांडाच्या दृष्टीने ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती. वारीचे तीन घटक आहेत: काळ, वाट आणि माणसे. वाट सोडली, माणसे मोजकी केली, काळ मात्र तसूभरही हलवला नाही. एक घटक पूर्ण शाबूत ठेवल्यामुळे बाकीचे दोन परत जोडायला जागा राहिली. राज्यभर विखुरलेला वारकरी घरी बसून सांगू शकत होता की आज माउली लोणंदला असत्या, आज चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण झाले असते. हा 'असत्या' म्हणजे शून्य नव्हे. लाखो माणसांच्या मनात एकाच दिवशी एकाच गावाचे नाव असणे, हे एकत्र असण्याचेच एक रूप आहे. घराघरांत तुळशीवृंदावनाभोवती रिंगण झाले, गच्चीवर आणि अंगणात रोजच्या टप्प्याइतके चालणे झाले, फोनवरून हरिपाठ झाला, कीर्तने पडद्यावर आली.

पडद्यावरच्या कीर्तनाबद्दल माझे मत संमिश्र आहे. कीर्तनकाराला समोर श्रोता लागतो. टाळकरी मागे उभे लागतात, चाल उचलणारे, चुकले तर सावरणारे. मोबाइलसमोर उभा राहिलेला कीर्तनकार आपल्याच आवाजाची साथ करत होता. फोनवरून सामूहिक हरिपाठ तर तालात होतच नाही. आवाज मागेपुढे पोहोचतात आणि टाळ विस्कटतो. तरीही मंडळांनी तो सोडला नाही. कारण हरिपाठ संपल्यावर पाच मिनिटे चौकशी होत असे. अमक्याचा आवाज आला नाही, ताप आहे का, औषध कोणी पोचवले. ही पाच मिनिटेच खरी संगत होती. हरिपाठ त्या विचारपुशीला जमण्याचे निमित्त आणि वेळ देत होता. हजारो प्रेक्षक असलेल्या प्रक्षेपणात ही पाच मिनिटे नव्हती. म्हणून वीस जणांच्या मंडळाने जे दिले ते मोठ्या प्रक्षेपणाला देता आले नाही.

वीणेचा पहारा

आता या विवेचनाच्या गाभ्याकडे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, चोवीस तास वीणा उभी असते. ती जमिनीवर ठेवायची नसते. एक माणूस ती गळ्यात घेऊन उभा राहतो, त्याची वेळ संपली की दुसऱ्याच्या गळ्यात देतो, देताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. रात्री दोन ते चारचा पहारा असलेला माणूस मंडपात जवळजवळ एकटा असतो. पेंगुळलेली दोन-चार माणसे सोडली तर ऐकायला कोणी नसते. तरी तो एकटा नसतो, कारण दोनपर्यंत कोणी उभे होते आणि चारला कोणी येणार आहे.

द्युरकेम यांच्या मीमांसेत समूह एकाच क्षणी एकत्र असतो. पहाऱ्यात समूह क्षणांच्या ओळीत पसरलेला असतो. एका वेळी एकच माणूस, पण साखळी अखंड. आजवर वारकरी जीवनाच्या अभ्यासात या दुसऱ्या प्रकाराकडे पुरेसे लक्ष गेले नाही, कारण रिंगणाच्या मानाने तो दिसायला फार साधा आहे. महामारीत मात्र पहिला प्रकार अशक्य होता आणि दुसरा शक्य. आरोग्याच्या नियमांशी त्याचे भांडणच नव्हते.

१ जुलै २०२० च्या पहाटे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी शासकीय महापूजा केली. या पूजेला बसणारा मानाचा वारकरी एरवी दर्शनरांगेतून निवडतात. त्या वर्षी रांगच नव्हती. म्हणून मंदिरातच वीणेचा पहारा देणाऱ्या एका वृद्ध वारकऱ्याला आणि त्याच्या पत्नीला हा मान मिळाला. निवड सोयीची होती, पण तिच्यात अर्थ होता. मंदिर रिकामे होते त्या काळात ज्याने नाद थांबू दिला नाही, तोच त्या वर्षी साऱ्या वारकऱ्यांचा प्रतिनिधी ठरला.

पहाऱ्याचे तत्त्व वारीच्या घराण्यांतही आहे. 'वारी धरणे' आणि 'वारी चालवणे' हे बोलीतले वेगळे शब्द आहेत. बाप वारी धरतो. गुडघे गेले की मुलगा किंवा सून ती पुढे चालवते. म्हणजे वारी एका माणसाची कधीच नव्हती. दोन वर्षे खंड पडला तेव्हा अशा घरांत प्रश्न वारी तुटली का, असा नव्हता. पुढची पाळी कोणाची, असा होता. पाळी देणारा मरण पावला असेल, तर हा प्रश्न किती जड होत असेल याची कल्पना करता येते. साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, कित्येकांना तेवढीही मिळाली नाहीत. आयुष्यभर टाळ वाजवलेल्या माणसाची अखेरची वाट टाळांशिवाय झाली. दशक्रियेचे प्रवचन झाले नाही, त्याच्याबद्दल चार शब्द सांगायला मंडळ जमले नाही. संगतीने इतर बऱ्याच गोष्टींना पर्याय शोधला. याला तिला पर्याय सापडला नाही. ही जखम मान्य केल्याशिवाय आसेबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

ज्यांना घर पुरले नाही

'घरीच वारी' हा त्या काळातला लाडका शब्दप्रयोग होता. तो कोणाच्या घराबद्दल होता, हे विचारायला हवे.

ग्रामीण स्त्रीसाठी वारी म्हणजे वर्षातले तीन आठवडे घराबाहेर. तिथेही ती भाकऱ्या थापते, पण चालते, गाते, फुगडी घालते, बरोबरीच्या बायकांशी मोकळेपणी बोलते. सासूची, दिराची, उंबऱ्याची नजर तिच्यावर नसते. पुरुषाची वारी घरी आली तेव्हा तिच्यातून चालणे वजा झाले. स्त्रीची वारी घरी आली तेव्हा तिच्यातून सुटका वजा झाली. घरातले सगळे दिवसभर घरीच, म्हणजे चूल थांबतच नव्हती. घरात फोन एकच आणि त्यावर मुलांची शाळा, म्हणून संध्याकाळचा हरिपाठही तिच्या वाट्याला येईलच असे नव्हते. संगतीचा हिशेब करताना हे नुकसान वेगळ्या खात्यावर मांडले पाहिजे.

दुसरे खाते पोटाचे. पंढरपुरात बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, बत्तासे, टाळ-वीणा विकणारे, खोल्या भाड्याने देणारे यांचे वर्ष आषाढी-कार्तिकीवर चालते. कीर्तनकार, मृदंगवादक, गायक यांचे घर सप्ताहाच्या बिदागीवर. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केल्यापासून या विद्येला शिकवणुकीची चौकट मिळाली, पण पगार, निवृत्तिवेतन असले काही मागे उभे राहिले नाही. मंडप बंद झाले तशी मिळकत थांबली. काही गावांनी आपल्या नेहमीच्या कीर्तनकाराकडे धान्य पोचवले. तो दामाजीपंतांच्या कथेचाच छोटा प्रयोग होता. मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण अशी मदत गावच्या मनावर अवलंबून होती. संप्रदायाकडे तिची कायमची व्यवस्था नव्हती.

बंद दाराचा जुना अनुभव

मंदिराचे दार बंद असण्याचा अनुभव २०२० मध्ये अनेकांना नवा होता. महाराष्ट्रातल्या मोठ्या समाजाला तो नवा नव्हता. चोखामेळा महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधी आजही नामदेव पायरीजवळ, दाराबाहेरच आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण करावे लागले. कळसाचे दर्शन हेच दर्शन, ही टाळेबंदीत सर्वांना दिलासा देणारी समजूत ज्यांनी आयुष्यभर सक्तीने जगली, त्यांच्याकडून ती उरलेल्यांना मिळाली. हे ऋण त्या काळात फारच थोड्यांनी बोलून दाखवले.

शासनाने वापरलेला शब्दही या संदर्भात खटकतो. रोगासाठी हवे होते शारीरिक अंतर. फलकांवर लिहिले गेले 'सामाजिक अंतर'. ज्या समाजाने विटाळाच्या नावाखाली शतकानुशतके सामाजिक अंतर पाळले, त्याला हा शब्द फार सहज पचला. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात नोंदवून ठेवले आहे की एकाच दिंडीत दिवसभर एकत्र गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत, आणि त्या वेगळेपणाने त्या अस्वस्थ झाल्या. पुढे पंगती बऱ्याच प्रमाणात एक झाल्या, पण हे काम पुरे झाले आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. काला हा भेद मोडण्याचा विधी आहे, म्हणूनच तो दोन वर्षे न होणे ही केवळ एका प्रसादाची उणीव नव्हती.

आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवतो. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडलेली राज्यातील धार्मिक स्थळे एप्रिल २०२१ च्या आरंभी पुन्हा बंद झाली. त्याच महिन्यात, १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा विधानसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच गावात देवापुढे जमायला बंदी आणि प्रचाराला मुभा, हे वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या जुलैत पुन्हा बसनेच पालख्या जाणार असे ठरले, तेव्हा पायी वारीचा आग्रह धरणारे आवाज आदल्या वर्षीहून मोठे होते. एका ज्येष्ठ कीर्तनकारांना पोलिसांनी स्थानबद्ध केले. पायी वारी त्या वर्षीही धोक्याचीच ठरली असती, असे माझे मत आहे. पण संयमाची मागणी सर्वांकडून सारखी झाली नाही, तर ज्यांनी तो पाळला त्यांना फसवले गेल्यासारखे वाटते. २०२० मध्ये मनापासून मान्य केलेले अंतर २०२१ मध्ये अंशतः लादलेले वाटू लागले, त्याचे कारण श्रद्धेच्या अतिरेकात शोधण्यापेक्षा या असमानतेत शोधावे.

पुन्हा वाटेवर

२०२१ मध्ये वाखरीपासून मोजकी माणसे थोडे अंतर चालली. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला मंदिरे पुन्हा उघडली. २१ जून २०२२ रोजी आळंदीहून पायी वारी निघाली. एकादशी १० जुलैला होती.

त्या प्रस्थानापूर्वीच्या महिन्यात गावोगावच्या दिंडीप्रमुखांना वह्या काढाव्या लागल्या. २०१९ ची यादी जुनी झाली होती. काही नावांपुढे रेघ मारायची होती. काही नावांच्या जागी मुलाचे किंवा सुनेचे नाव लिहायचे होते. काहींनी कळवले होते की गुडघे चालत नाहीत, पण वर्गणी घ्या आणि नाव राहू द्या. भजनी मंडळात तीन वर्षांपूर्वी पोरसवदा असलेला एखादा मुलगा आता पखवाज घेण्याइतका तयार झाला होता. राहुट्यांचे कापड उंदरांनी कुरतडले होते, टाळांच्या दोऱ्या बदलायच्या होत्या. वीणेची तार ताणून पाहिली गेली, आणि सगळ्यांत आधी विचारले गेले ते हे की पहिल्या दिवशी ती कोणाच्या गळ्यात.